कार्तिकातली उतरण

मेघालीला सकाळ नकोशी झाली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सकाळ म्हणजे सासऱ्याची आंघोळ, आणि सासऱ्याची आंघोळ म्हणजे कुस्ती. पाणी पाहिलं की कृष्णकांत मोरीची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे आणि "मारतेय, मारतेय, धावा रे" असे ओरडायचे की रस्त्याने जाणारा नवखा माणूस खरंच थांबायचा. अंगात काही उरलं नव्हतं, बरगड्या मोजून घ्याव्यात. पण पकड? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याची बोटं चौकटीवरून सोडवताना मेघालीचे अंगठे ठणकायला लागायचे. आयुष्यभर पानवेली बांधलेले हात ते. डोकं गेलं तरी हातांतला जोर जायला तयार नव्हता.

त्याआधी लुंगी बदलायची. कधी लुंगीबरोबर गादी, कधी भिंतही पुसायची. ती नाकाला पदर लावायची नाही. पहिले दोन महिने लावला, मग कळलं की पदर धरायला एक हात जातो आणि इथे दोन पुरत नाहीत.

"कोण गं तू?" अंगावर तांब्या ओतताना ते विचारायचे.

"मेघाली. तुमची सून."

"खोटं बोलते. आमची सून गोरी हाय."

अकरा वर्षांपूर्वी ती गोरी होती हे खरं. नेमकं तेवढंच त्यांच्या ध्यानात राहिलं होतं, आणि मेघालीला कधी कधी मोरीतच हसू फुटायचं. ती हसली की तेही हसायचे, का हसतोय ते न कळता. तेवढा एक तांब्या मग बिनतक्रार अंगावर पडायचा. दिवसाची कमाई म्हणजे तेवढीच.

लग्नाआधी ती बोईसरला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती, लग्नानंतरही जात होती. सासूबाई, जयवंतीबाई, गेल्या आणि चार वर्षांत सासऱ्यांचं हे सुरू झालं. आधी चष्मा हरवायचे, मग रस्ता हरवायला लागले, मग माणसं. पालघरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, "हे बरं होणारं नाही. सांभाळायचं." कोणी सांभाळायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. हर्षित, तिचा नवरा, तारापूरच्या कंपनीत ऑपरेटर. त्याचा पगार मोठा, म्हणून तिची नोकरी सुटली. दहा वर्षांच्या तेजलला शाळेसाठी बेटेगावला, मेघालीच्या माहेरी, आजीकडे ठेवलं. ती रविवारी यायची, आणि आजोबांच्या खोलीच्या दाराशी उभी राहून आत बघायची.

दसऱ्यानंतर एक दिवस कृष्णकांत कोयता घेऊन घराबाहेर पडले. मेघाली मागच्या दारी कपडे वाळत घालत होती, तेवढ्यात. दोन तास सगळं माकुणसार गाव पालथं घातलं. शेवटी रेल्वेच्या लाइनवर काम करणाऱ्या दोघांनी त्यांना धरून आणलं. रुळांच्या मधोमध बसून ते खडी वेचत होते, एकेक दगड बाजूला टाकत, वाफ्यातलं तण काढावं तसे. आणणाऱ्यांपैकी एक जण हर्षितला म्हणाला, "चाचा को बांध के रखो भाई, नहीं तो एक दिन बोरे में ले जाओगे."

हर्षित त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मनोरच्या पुढच्या एका वृद्धाश्रमाचा कागद आणला आणि टीव्हीखाली ठेवला.

"तुळशीचं लग्न होईपर्यंत बघतो," तो म्हणाला. "मधे अजून एक काय झालं ना मेघाली, तर तेवढंही थांबणार नाय. माझ्याने नाय होत. तुझे हाल बघवत नायत, त्यांचे पण नाय."

खोटं कशाला बोला, मेघालीला बरं वाटलं. रात्रभर सलग झोप. तेजल घरी. सकाळचा डबा भरून बोईसरची वाट. तिने मनातल्या मनात त्या खोलीची गादी जाळूनसुद्धा टाकली. आणि संध्याकाळी भात भरवताना म्हाताऱ्याने तिच्या तोंडाकडे बघून स्वतःच आ केला, लहान मुलासारखा, तेव्हा तिची तिलाच एवढी शरम वाटली की घास खाली पडला.

घरामागे वाडी होती. नारळ, केळी, थोडा मोगरा, आणि मधल्या सावलीत पानवेलीच्या आठ ओळी. वाडीतलं बाकी सगळं बायकांनी करायचं, पण वेलीला हात लावायचा नाही, हा कृष्णकांतांचा कायदा. बागेत चपला घालून जायचं नाही हा तर सगळ्यांचाच कायदा, पण हात लावायचा नाही हा खास त्यांचा. जयवंतीबाई चाळीस वर्षं कडेला उभं राहून पानं मोजून घ्यायच्या, आत आल्या नाहीत. हर्षितलाही त्यांनी शिकवलं नाही. "तू कंपनीत जा, हे तुझं काम नाय," म्हणून पिटाळलं होतं, आणि हर्षितच्या मनात ते कुठेतरी सलत राहिलं होतं. म्हातारा आजारी पडल्यावर शेजारच्या वाडीतला प्रीतम येऊन वेली बघायचा, आणि डोंगराकडची पारू रोज कामाला यायची ती खत-पाण्याचं करायची. दिवाळीनंतर पारू आपल्या गावी भात कापायला गेली.

आणि भाऊबीज होऊन तीन-चार दिवस झाले असतील. छटपूजेला अर्धी कंपनी बिहारला गेलेली, म्हणून हर्षितला दोन शिफ्ट एकापाठोपाठ लागल्या. तो पहाटेच गेला.

मेघाली चहा घेऊन खोलीत गेली तर कृष्णकांत उठून बसलेले. लुंगी कोरडी.

"माझा पंचा दे," ते म्हणाले.

आवाज वेगळा होता. भीक मागितल्यासारखा नाही, ओरडल्यासारखाही नाही. मालकाचा आवाज. तिने मुकाट पंचा दिला. त्यांनी तो कमरेला आवळला, स्वतः चहा प्यायले, कप खाली ठेवला आणि मागच्या दाराने वाडीत निघाले. ती मागोमाग. बागेच्या कडेला त्यांनी चपला काढल्या आणि मागे वळून तिच्या पायांकडे बघितलं.

"काढ."

तिने काढल्या.

ओळींतून ते पुढे गेले. घरात पाय फरपटत चालणारा माणूस इथे नीट पाऊल टाकत होता. वेली माणसाच्या डोक्यावर गेलेल्या, पानं हिरवीकंच, एकमेकांवर लगडलेली. लग्नसराईचा माल. त्यांनी एक पान उलटं करून बघितलं, मग आभाळाकडे बघितलं.

"आज उतरवू या."

उतरण म्हणजे काय ते एवढ्या वर्षांत बघून बघून तिला माहीत होतं. वाढलेली वेल काठीवरून सोडायची, खाली घ्यायची, बुंध्याशी वेटोळं करून मातीत पुरायची, शेंडा तेवढा वर ठेवून पुन्हा बांधायचा. जुनी वेल परत जोर धरते. पण ते शिमग्याच्या पुढेमागे, थंडी सरल्यावर. आत्ता, कार्तिकात, थंडी तोंडावर आणि पानं तयार असताना वेल खाली घेणं म्हणजे भरल्या पानावरून उठणं.

"बाबा, आता नाय. शिमग्याला उतरवतात."

त्यांनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "तू नवी दिसतेस. कुठची गं?"

"बेटेगावची."

"बेटेगावला वेली असतात काय?"

"नाय."

"मग गप ऱ्हा नि धर."

आणि त्यांनी वेल तिच्या हातात दिली.

आता सांगा, काय करायचं होतं तिने? ओढून घरात न्यायचं? मागच्या महिन्यात नळावरून ओढलं होतं तर मनगटाला चावले होते. दातांची खूण अजून होती. हे सगळं खरं. पण खरं कारण ते नव्हतं, आणि तिलाही ते माहीत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा तो माणूस कुठेतरी पूर्ण हजर होता. एक वेल होऊ दे, ती मनाशी म्हणाली. एका वेलीने काय होतंय? मग म्हणाली, ही ओळ होऊ दे.

"आधी पानं. नखाने घे, ओढू नको. देठ राहिला पायजे," ते सांगत होते. "आता वरची गाठ सोड. खालची आधी सोडलीस तर वेल लोंबकळते, मोडते. घाई नाय. वेल घाबरते घाईला."

वेल सुटून त्यांच्या खांद्यावर आली. त्यांनी ती दोन्ही हातांवर झेलून खाली बसवली, चुंबळ करावी तशी गोल गोल बुंध्याशी बसवत नेली, वर माती लोटली आणि तळव्याने थापटली. शेंडा काठीला टेकवून केळीच्या सोपटाची, सुकल्या सालीची, गाठ मारली. मेघाली बघतच राहिली. हेच हात जेवताना चमचा तोंडाशी न्यायला थरथरायचे. आता एक थरथर नव्हती.

"बघितलंस? आता तू कर."

तिने केलं. वेटोळं सुटलं. त्यांनी पुन्हा करायला लावलं. तिसऱ्यांदा बसलं.

"हात बरा हाय तुझा," ते म्हणाले.

अकरा वर्षांत या माणसाने तिच्या हातचं काही बरं म्हटलं नव्हतं. ना कालवण, ना भाकरी. मेघालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला ती पुढच्या काठीकडे वळली.

ऊन वर आलं. ती थांबा म्हणायची ते विसरली, खरं म्हणजे विसरायचं ठरवलं तिने. दुपारी तिने केळीच्या पानावर भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण बागेच्या कडेलाच वाढलं. ते मांडी घालून बसले आणि आपल्या हाताने जेवले. शीत सांडलं नाही. पाण्यासाठी तिने ओंजळ पुढे केली, तर त्यांनी तांब्या उचलला आणि तिच्या ओंजळीत धार धरली. "पी. उन्हाची सवय नाय तुला," म्हणाले. लघवीला लागली तर उठून स्वतः नारळाआड गेले आणि परत आले. मग त्यांच्या बापाची गोष्ट सांगितली, गाठ चुकली की तो कसा कान पिरगळायचा, आणि एकदा तर त्याने चुकीच्या पोराचा कान पिरगळला, पाहुण्याच्या! सांगता सांगता ते एवढे हसले की काठीला धरून उभे राहिले. मेघालीही हसली, पोट धरून, वाडीत कोणी ऐकेल याची पर्वा न करता. किती दिवसांनी, ते तिलाही आठवेना.

चार वाजता तिने मागे वळून बघितलं आणि तिचं हसू जागच्या जागी मेलं. आठही ओळी खाली. नुसत्या काठ्या उभ्या, बुंध्याला विताएवढे शेंडे. जिथे कायम अंधार असायचा तिथे लख्ख ऊन पडलेलं. आणि एका बाजूला पानांचा ढीग, सगळी कोवळी-जून एकत्र.

"झालं," कृष्णकांत हात झटकत म्हणाले. "उद्या ये. हजेरीचे पैसे बरोबर देईन तुला." मग घरात जाऊन मातीच्या अंगानेच झोपले.

हर्षितची मोटारसायकल आली तेव्हा उजेड होता अजून; दुसऱ्या शिफ्टला ऐन वेळी बदली माणूस मिळाला होता. अंगाला कंपनीचा तो उग्र वास. हात धुवायला मागच्या दारी गेला आणि तिथेच थांबला.

"हे कोणी केलं?"

मेघाली ओट्याशी उभी होती. दिवसभरात तिने उत्तर शोधलं नव्हतं. टीव्हीखालचा कागद मात्र तिला जागेवरून दिसत होता.

"मी," ती म्हणाली.

"तू?"

"पाला दाट झाला होता. म्हटलं, उतरवून घ्यावं."

"बाबा कुठे होते?"

"झोपले होते."

हर्षितने तिच्याकडे बघितलं, वेडी आहेस का म्हणून बघतात तसं. "अकरा वर्षं खातेस ना या वाडीचं? येवढं पण कळू नये? अगं, तुळशीचं लग्न झालं की पानाला पान मिळत नाय, नि तू..." तो पायरीवर बसला. बूटही काढले नव्हते. मारलं असतं तरी चाललं असतं असं मेघालीला वाटलं. तो बसूनच राहिला.

प्रीतमला बोलावून पानं त्याच्या टोपल्यांतून बाजारात पाठवली, निम्मी तरी खपावीत म्हणून. प्रीतम ढिगाकडे बघून गालात हसला. "वैनी, आता नारळ पण उतरवून घेता काय? लई उंच झालेत." दोन दिवसांत सगळ्या आळीत झालं. पाण्याच्या टाकीवर बायका तिला बघून बोलणं बदलायच्या. रविवारी तेजल आली आणि दप्तर न ठेवताच म्हणाली, "आई, तू खरंच केलंस? मावशी म्हणते, आईला काय येतंच नाय." मेघाली म्हणाली, "हो, केलं. जा, हातपाय धू."

पण त्याच्या आधी, उतरणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, एक झालं. हर्षित दात घासत होता. कृष्णकांत मागच्या दारात आले, समोर बघितलं आणि असा आवाज काढला की हर्षितच्या हातातला ब्रश पडला.

"कोणी केलं? कोणी उतरवल्या माझ्या वेली?"

मेघाली धावली. ते काठ्यांमध्ये उभे राहून कपाळ बडवत होते. काल स्वतःच्या हाताने थापटलेली माती बघून रडत होते.

"कार्तिकात वेल खाली? थंडी तोंडावर आली, वेल गारठून मरंल! कोण नालायक शिरलं बागेत? कोण?"

"मी, बाबा," मेघाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

मग जे तोंड सुटलं! तिचा बाप निघाला, आई निघाली, सगळं बेटेगाव निघालं. ढेकूळ उचलून तिच्या अंगावर फेकलं, ते खांद्याला लागून फुटलं. ती हलली नाही. आणि मागे वळून बघते तर हर्षित दारात उभा, तोंडाला पेस्टचा फेस, आणि डोळे भरलेले.

"ऐकलंस?" तो पुटपुटला. "बाबांना कळतं. महिना कळतो, थंडी कळते. मेघाली, बाबा हायत अजून!"

त्याने पुढे होऊन बापाचा हात धरला. "बाबा, मग आता काय करायचं? वाचतील काय वेली?"

कृष्णकांतांनी नाक पुसलं. "पेंढा टाक बुंध्याला. उत्तरेकडून झावळ्या लाव. वारा लागू नको देऊ." आणि मेघालीकडे बोट करून, "नि हिला आत येऊ देऊ नको."

बापलेकांनी त्या दिवशी झावळ्या लावल्या. हर्षित कंपनीत गेला नाही. संध्याकाळी त्याने टीव्हीखालचा कागद घडी करून कपाटात ठेवला आणि म्हणाला, "बघू नंतर."

मग ते रोजचंच झालं. रात्रीतून कृष्णकांत सगळं विसरायचे आणि रोज सकाळी ती बाग त्यांना नव्याने उजाड दिसायची. रोज नवं रडणं, रोज नव्या शिव्या. हर्षित चहाचा कप घेऊन दारात थांबायचा. त्याची शिफ्ट दुपारची असली तरी तो त्यासाठी लवकर उठायचा. शिव्या झाल्या की तो विचारायचा, "बाबा, पाणी किती द्यायचं? बाबा, ही गाठ कशी?" आणि कृष्णकांत सांगायचे. लहानपणी जे मिळालं नव्हतं ते पोरगा आता थेंब थेंब गोळा करत होता. एकदा दोघं मिळून मेघालीच्या अडाणीपणावर हसले, मनापासून. "कंपनीत गोळ्या मोजणारी बाई, तिला काय वेल कळणार!" हर्षित म्हणाला. मेघाली खाली मान घालून केर काढत होती. तिला लागलं, चांगलंच लागलं. आणि तरी केर काढता काढता तिच्या मनात आलं की या घरात बापलेक एकत्र कधी हसले होते? एवढ्यावर जर घर चालत असेल तर चालू दे.

पारू परत आली. तिने टोपली खाली ठेवली, ओळीत जाऊन एका शेंड्याची गाठ बोटाने उचलली, दुसरी बघितली.

"बाय, या गाठी तुज्या नायत," ती हळूच म्हणाली. "म्हाताऱ्याचा हात हाय हा. या चार-पाच तुज्या, ढिल्या."

मेघालीने इकडेतिकडे बघितलं. "बोलू नको कोणाला."

"मी कशाला बोलते?" पारू म्हणाली. जरा वेळाने पेंढा पसरता पसरता तिने विचारलं, "खूश होता काय?"

"खूप."

"मग झालं," पारू म्हणाली, आणि दोघी कामाला लागल्या.

थंडी पडली. काही वेली खरंच काळ्या पडून मेल्या, काहींना फूट आली. कृष्णकांत उतरत चालले होते. घास तोंडात धरून बसायचे, गिळायचं विसरायचे. मेघाली गळ्यावरून बोट फिरवून गिळवायची. शिव्यासुद्धा आखूड होत गेल्या. आधी सगळं बेटेगाव निघायचं, मग नुसता बाप, मग नुसतं "मूर्ख".

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हर्षितला सुट्टी होती. त्याने बापाला स्वेटर घातला, हाताला धरून बागेशी आणलं. मेघाली झाडू घेऊन मागे उभी राहिली, शिव्या खायच्या जागेवर.

"बाबा, बघा. कोणी केलं हे?"

कृष्णकांतांनी बघितलं. काठ्या बघितल्या, झावळ्या बघितल्या. "काय?"

"वेली. कोणी उतरवल्या?"

"कसल्या वेली?"

हर्षित हसला, उसनं. "असं काय करता? कार्तिकात उतरवल्या हिने. काल तुमी मूर्ख म्हणालात तिला. बोला ना."

"कशाला? बाई चांगली दिसते," कृष्णकांत म्हणाले, आणि मेघालीकडे बघून मान हलवली, पाहुण्याला करावी तशी.

"बाबा, थंडीत वेल खाली घेतात काय? सांगा! घेतात काय?" हर्षितचा आवाज चढला. त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले. "शिव्या द्या तिला! द्या ना!" म्हातारा घाबरला, आपल्या स्वेटरची बाही गोळा करून तोंडाशी नेऊ लागला. हर्षित त्यांना हलवत होता, मान मागेपुढे होत होती.

मेघालीने झाडू टाकला आणि मधे शिरली. "सोडा. सोडा त्यांना! मी नाय केलं ते. त्यांनीच केलं."

हर्षितचे हात तसेच राहिले.

"तुमची डबल शिफ्ट होती त्या दिवशी. सकाळी उठले, पंचा मागितला, नि आठही ओळी त्यांनी उतरवल्या. मी नुसती हाताखाली होते. मला कळत होतं, तरी थांबवलं नाय मी." तिला धाप लागली. आता बोल लागणार, आता कपाटातला कागद निघणार, हे ती धरून चालली होती. "तुमी आश्रमात धाडलं असतं त्यांना, म्हणून सांगितलं नाय."

हर्षितने बापाचे खांदे सोडले. मग म्हणाला, "दिवसभर?"

"दिवसभर. आपल्या हाताने जेवले. हसत होते. आजोबांच्या गोष्टी सांगत होते."

"नि मला बोलावलं नायस."

"अहो, मी..."

"मी आलो असतो गं," तो म्हणाला. "शिफ्ट टाकून आलो असतो. कामावरून काढला असता तरी आलो असतो."

त्या दिवसाचा मेघालीने सगळ्या बाजूंनी विचार केला होता, पानांचा, आश्रमाचा, लोकांच्या हसण्याचा. हे एकच तिच्या मनात आलं नव्हतं, की तो दिवस त्याचाही होता आणि तिने तो एकटीने खाल्ला. हर्षित बांधावर बसला आणि हुंदके देऊन रडला, एवढा मोठा माणूस. ती त्याच्या शेजारी बसली. खांद्यावर हात ठेवायची हिंमत झाली नाही.

जरा वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं. "सांग मला. पहिल्यापासून सांग. काय काय केलं त्यांनी."

मेघालीने सांगायला सुरुवात केली. पान कसं उलटं करून बघितलं, आधी वरची गाठ सोड म्हणाले, वेल खांद्यावर कशी झेलली, मातीवर तळवा कसा मारला. ती हातांनी करून दाखवत होती आणि हर्षित तिच्या हातांकडे बघत होता. कृष्णकांत दोघांच्या समोर उभे राहून, तोंडातून बाही काढून, लक्ष देऊन ऐकत होते. चुकीच्या पोराचा कान पिरगळला तिथे तर ते हसलेही.

"माणूस हुशार होता हां," सगळं ऐकून झाल्यावर ते म्हणाले. "कोणाच्या वाडीतला?"